कांदाचाळ बांधायची तर आधी वारा पाहा

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि भावासाठी दिवाळीपर्यंत टिकवावा लागतो. चाळीत भरलेला कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. ती ढिगात कोंडली की काजळी, सड आणि कोंब ठरलेलेच. ही ऊब विजेशिवाय, नुसत्या वाऱ्याने बाहेर काढता येते. मात्र चाळ पहिल्यापासून तशी बांधायला हवी.

जागा उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी निवडा. राखण सोपी जाते म्हणून घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला चाळ बांधू नका. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर घ्या, म्हणजे पश्चिमेचा पावसाळी वारा पूर्ण लांबीवर लागून ढिगातून आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम ठेवा. वारा मधल्या बोळातून खेळतो.

२५ टनांच्या दोन पाखी चाळीला लांबी ४० फूट, प्रत्येक पाखीची रुंदी ४ फूट आणि मधला बोळ ५ फूट लागतो. पाखीची रुंदी वाढवण्याचा मोह टाळा, कारण रुंद ढिगाच्या मध्यापर्यंत हवा पोहोचत नाही. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उचला आणि त्यावर गोल बांबू किंवा लाकडी पट्ट्या फटी ठेवून बसवा. चिरलेल्या बांबूची धार कांद्याला जखम करते आणि सड तिथूनच सुरू होते. बाजूंनाही फटी हव्यात. छपराला सिमेंटचे पत्रे किंवा मंगलोरी कौले घाला. लोखंडी पत्रा उन्हात फार तापतो. छप्पर दोन्ही बाजूंनी ३ फूट पुढे काढा, म्हणजे पावसाचे फटकारे कांद्यापर्यंत येणार नाहीत.

ढीग ५ फुटांवर नेऊ नका. भरघोस पीक आले की हा नियम हमखास मोडला जातो, आणि मग खालचा कांदा वरच्या वजनाने दबून नासतो.

चाळ कितीही चांगली असली तरी कच्चा कांदा तिच्यात टिकत नाही. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढणी करा. कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतातच सुकू द्या. एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील असे पसरा. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि १० ते १२ दिवस सावलीत सुकवा. जोड, डेंगळे, जाड मानेचे आणि जखमी कांदे बाजूला काढून लगेच विका. खरिपाचा पोळ कांदा मुळातच टिकाऊ नसतो, तो चाळीत भरू नका. एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती हे वाण साठवणीला चांगले.

अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच पाया खणा. त्याआधी उभारलेली चाळ अनुदानात बसत नाही.