कपाशीचा वैरी

भाद्रपद सरत आला की विदर्भातील काळ्या जमिनीवर कपाशी बहरते. सकाळी उमललेले पिवळसर फूल दुसऱ्या दिवशी तांबूस होते आणि लवकरच गळून पडते. मागे राहते ते हिरवे बोंड. अशा वेळी एखादा अनुभवी शेतकरी शेतात शिरला, तर त्याची दृष्टी उमललेल्या फुलांवर ठरत नाही. तो न उमललेली फुले शोधीत असतो. पाकळ्या एकमेकींस चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल दिसले, की तो ते खुडून उघडतो. आत बारीकशी अळी वळवळत असते. अशा फुलास ‘डोमकळी’ म्हणतात. डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळी शेतात आल्याची पहिली वर्दी होय.

या अळीचा पतंग लहान, मातकट रंगाचा व निशाचर असतो. त्याने घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि ती शिरली ते छिद्र थोड्याच वेळात बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. आत मात्र अळी सरकी खात असते. पुढे असे बोंड नीट उमलत नाही. त्यातील कापूस पिवळा पडून घट्ट चिकटतो. या निकामी कापसास ‘कवडी’ असे नाव आहे. अळी एकदा आत गेली, म्हणजे वरून कितीही औषध फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा वैरी नवा नव्हे. भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किडक्या सरकीबरोबर तो इजिप्तला व तेथून अमेरिका खंडात जाऊन पोहोचला.

२००२ मध्ये भारतात ‘बीटी’ कपाशीस परवानगी मिळाली. मातीत आढळणाऱ्या एका जीवाणूचे जनुक या कपाशीत घातलेले असते. त्यामुळे तिची पाने व बोंडे बोंडअळ्यांना विषारी ठरतात. आरंभीची काही वर्षे उत्तम गेली. परंतु लक्षावधी अळ्यांत एखादी अळी अशी निघतेच, की जिला ते विष बाधत नाही. तिच्यासारख्याच अळ्या उरल्या व त्यांचाच वंश वाढला, तर औषध निष्फळ होते. हे टाळण्यासाठी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बी दिले जाई. शेताच्या कडेने ते पेरावे, तेथे साध्या अळ्या वाढाव्यात, आणि त्यांच्याशी संकर होऊन विष पचविणारा वंश पातळ व्हावा, अशी ती योजना होती. शेतकरी यास ‘रेफ्युजी’ म्हणत. पण आपल्याच शेतात अळीसाठी कपाशी कोण लावणार? पुष्कळांनी ते बी पेरलेच नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्या लहान पुड्याचे कारण त्यांना नीट समजावून देणारे मात्र थोडेच होते. २०१० च्या सुमारास गुजरातेत या अळीने बीटीला दाद न दिल्याचे आढळले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीची तिने मोठी हानी केली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यांपैकी कित्येकांच्या तोंडाला फडके आणि हातांत मोजेही नव्हते.

मग या अळीस जिंकावे कसे? तिचे मर्म तिच्या उपवासात आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते, भेंडी-अंबाडीवर क्वचितच. हंगाम संपत आला की शेवटच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांत, किडक्या बोंडांत अथवा मातीच्या भेगांत निपचित पडून राहतात. पुढील पावसाळ्यात त्यांचे पतंग होतात. पीक जितके लांबेल, तितक्या अळ्यांच्या पिढ्या अधिक होतात.

आणि येथेच शेतकऱ्याची कसोटी लागते. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी तशीच राखली, तर आणखी थोडा कापूस मिळतो. यास ‘फरदड’ म्हणतात. घरात मुलीचे लग्न, डोक्यावर कर्ज, आणि झाडावर अजून बोंडे. अशा स्थितीत हिरवे झाड उपटण्यास हात धजत नाही. शिवाय वाळलेली पऱ्हाटी म्हणजे घरचे सरपण. ती बांधावर रचून ठेवण्याची रीत जुनी आहे. पण त्या ढिगातील बोंडांतच पुढल्या वर्षीचा वैरी झोपलेला असतो. एका शेतकऱ्याने फरदड राखली, तर पतंग त्याचा बांध पाहून थांबत नाहीत. म्हणून हे काम साऱ्या गावाने एकदम करावयाचे असते. अमेरिकेत बीटी कपाशीबरोबरच पऱ्हाटी वेळेवर नष्ट करणे, गंधाचे सापळे लावणे व वंध्य केलेले पतंग सोडणे असे सर्व उपाय एकत्र योजले गेले. २०१८ मध्ये तेथून या अळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

आता कित्येक शेतकरी हंगामात हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाने फसून नर पतंग त्यात पडतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, तरच फवारणीचा विचार करावयाचा. आरंभी निंबोळीचा अर्क वापरतात, म्हणजे ढालकिड्यासारखे मित्रकीटक वाचतात. कपाशीत तुरीच्या ओळी असतात. तुरीच्या मुळांवरील गाठी जमिनीस नत्र देतात. जानेवारीपूर्वी पऱ्हाटी उपटून तिचा भुगा करतात व शेणाबरोबर कुजवितात. जी काडी अळीचे घर झाली असती, तीच खत होऊन काळ्या मातीत परत जाते. मग उन्हाळ्यात खोल नांगरट होते आणि उघडे पडलेले कोष टिपण्यासाठी नांगरामागून साळुंक्या व बगळे चालू लागतात.

तरीही काही कोष उरतातच. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की एखाद्या संध्याकाळी त्यांतून पतंग बाहेर पडतात व कपाशी शोधीत उडू लागतात. शेतात तेव्हा नुकतीच पेरणी झालेली असते; कळी धरण्यास अजून दीड महिना असतो. तोवर ते अल्पायुषी पतंग जगत नाहीत.