व्ह्यूपोर्ट कोरा दिसला म्हणून नकाशा हलवू नका

लेआउट उघडला, टायटल ब्लॉक जागच्या जागी आहे, आणि व्ह्यूपोर्टच्या चौकटीत एक रेघ नाही. अशा वेळी हात जातो तो थेट नकाशाकडे: काही हलवायला, पुसायला, पुन्हा आणून ठेवायला. नव्या ड्राफ्ट्समनना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो हात आवरा. ऑटोकॅडमध्ये 1990 च्या अकराव्या आवृत्तीपासून मॉडेल वेगळं आणि कागद वेगळा आहे. व्ह्यूपोर्ट ही कागदातून मॉडेलकडे पाहणारी खिडकी. म्हणून आधी मॉडेल टॅबवर जाऊन पाहा. तिथे नकाशा शाबूत असेल तर दोष खिडकीचा: ती बंद असेल, त्या व्ह्यूपोर्टपुरता लेअर फ्रीझ झाला असेल, किंवा ती भलत्याच जागी रोखलेली असेल. मॉडेलमध्येही नसेल तर एक्सरेफचा, म्हणजे बाहेरून जोडलेल्या फाइलचा, मार्ग तुटला आहे का, आणि एक्सरेफ ज्या लेअरवर ठेवला तोच फ्रीझ झाला आहे का, हे बघा. तो एक लेअर गोठला की आतले सगळे लेअर चालू असूनही अख्खा एक्सरेफ नाहीसा होतो.

मुळशीच्या कामात मात्र मला खिडकी भलत्या जागी रोखलेली असण्याचाच संशय सर्वांत आधी येतो, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. इथल्या डोंगरउतारावरच्या जागेचा डीजीपीएस सर्व्हे यूटीएमच्या 43 उत्तर विभागात आला, तर पौडजवळ पूर्वेचा आकडा साधारण साडेतीन लाख मीटर आणि उत्तरेचा साडेवीस लाख मीटर असतो, कारण उत्तरेचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात. आर्किटेक्टची फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर हेच आकडे 35 कोटी आणि 205 कोटी होतात. टेम्प्लेटमधला व्ह्यूपोर्ट शून्य-शून्यच्या आसपास पाहत असतो. जागा तिथून दोन हजार किलोमीटरवर! व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून झूम एक्स्टेंट्स दिलं की ती सापडायला हवी. पण शून्यापाशी एखादा विसरलेला ब्लॉक पडलेला असेल तर दोन टोकांना दोन ठिपके उरतात आणि मधला पडदा कोराच दिसतो. तेव्हा सर्व्हेतल्या एका बिंदूचे आकडे टाकून तिथे झूम करा, मग स्केल लावा आणि व्ह्यूपोर्ट लॉक करा. सर्व्हेच्या फाइलला एककच दिलेलं नसेल तर ती मिलिमीटरच्या फाइलमध्ये हजारपट लहान होऊन बसते, हेही तपासा.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळा नकाशा उचलून शून्यावर ठेवला की झालं. पडद्यापुरतं ते खरं आहे, आणि इतक्या मोठ्या आकड्यांवर हॅच बिघडतात ही तक्रारही रास्त आहे. पण हललेल्या नकाशाचा सर्व्हेच्या दगडांशी, शेजारच्या गटाच्या फाइलशी आणि पुढच्या सुधारित सर्व्हेशी मेळ बसत नाही. सोयीसाठी यूसीएस, म्हणजे कामापुरते अक्ष, जागेवर न्या, नकाशा हलवू नका. दुसरा मार्ग म्हणजे रेघा कॉपी करून सरळ लेआउटवर चिकटवणं; तो मला अधिक घातक वाटतो, कारण मग मॉडेल सुधारलं तरी शीटवर जुनंच राहतं. ग्राफिक्स कार्डाला दोष देणाऱ्यांनी हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून, रीजेन देऊन एकदा पाहावं. कधीकधी ते बरोबर ठरतात. पण पीडीएफही कोरी निघाली तर दोष बहुधा फाइलमध्येच असतो.

अर्धवट दिसणारी शीट मला कोऱ्या शीटपेक्षाही धोक्याची वाटते. कोरी शीट कोणी पुढे पाठवत नाही. फक्त कंटूरचा एक्सरेफ गळलेली शीट मात्र पूर्ण वाटते, आणि तीव्र उताराची जमीन कागदावर सपाट दिसते. मुळशीत बांधकामाचा निर्णय पुष्कळदा त्या उतारावरच ठरतो. तेव्हा शीट पाठवण्याआधी एक्सरेफची यादी उघडा आणि त्यातली प्रत्येक फाइल लोड झालेली आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.