टिकणारी शांति

पाठ : योहान १४:२७, मार्क ४:३५-४१, फिलिप्पैकरांस पत्र ४:६-७.



माण, खटाव किंवा जत या भागांतील शेतकऱ्यास विहिरीची परीक्षा कशी करावी हें शिकवावयास नको. श्रावणांत भरलेली विहीर पाहून तो भुलत नाहीं; चैत्रांत तिच्यांत पाणी राहतें काय, हें तो विचारतो. पावसाचें सांचलेलें पाणी आटून जातें. तळाशीं जिवंत झरा असेल तरच उन्हाळ्यांत घागर भरते. मनाच्या शांतीचीही परीक्षा हीच होय. पीक चांगलें आलें, घरांत आजार नाहीं, भावकींत भांडण नाहीं, अशा दिवसांत मन स्वस्थ असतें. परंतु ती शांति आपली होती कीं त्या दिवसांची होती, हें अवर्षण पडल्यावर कळतें. पूरही तीच परीक्षा घेतो. सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलींत व कांठच्या गांवांत शिरलें, तेव्हां अनेकांनीं भरलें घर सोडून बाहेर पडण्याचा प्रसंग अनुभविला.

गांवोगांवीं एक प्रश्न आमच्या कानीं येतो : “आम्ही प्रभूवर विश्वास ठेविला, तरी नातलग दुरावले, मुलाचें दुखणें हटलें नाहीं, कर्जही फिटलें नाहीं. मग ती शांति कोठें आहे?” हा प्रश्न विचारणारास, “तुझा विश्वास कमी आहे,” असें म्हणून गप्प बसविणें योग्य नव्हे. प्रथम शास्त्र काय शिकवितें तें पाहूं.

प्रभूनें शिष्यांस आपली शांति केव्हां दिली? ज्या रात्रीं त्याला धरून नेण्यांत येणार होतें, त्याच रात्रीं. पौलानें फिलिप्पैकरांस निश्चिंत राहण्याविषयीं लिहिलें, तें बंदिवासांतून. शिष्यांच्या तारवांत प्रभु होता, तरी वादळ आलेंच. यावरून उघड होतें कीं, वादळ येणार नाहीं असें वचन आपणांस दिलेलें नाहीं. वादळांत तो तारवांत असेल, हें वचन दिलेलें आहे.

आतां आपल्याच प्रांतांतील एक चरित्र घेऊं. नारायण वामन टिळक यांनीं सत्याच्या शोधांत पुष्कळ भ्रमण केलें. सन १८९३ मध्यें आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. मत्तयाच्या पांचव्या अध्यायापासूनचें डोंगरावरील प्रवचन वाचितांना त्यांच्या मनानें ठाव धरला. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सर्व सुरळीत झालें काय? नाहीं. पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा यांच्यापासून त्यांची सुमारें पांच वर्षें ताटातूट झाली. त्या काळांतील दोघांचें दुःख लक्ष्मीबाईंनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत लपविलेलें नाहीं. टिळकांचा तापट स्वभावही लपविलेला नाहीं. पुढें सन १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला.

ज्याला शांति लाभली त्याला रडूं येत नाहीं, असें मात्र येथें दिसत नाहीं. दिसतें तें हें कीं, रडतांनाही त्यांनीं प्रभूचा हात सोडला नाहीं. सन १९१७ मध्यें, उतार वयांत, मिशनच्या पगाराचा आधारही त्यांनीं आपण होऊन सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ता. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईंत प्रभूमध्यें निद्रिस्त झाले. ज्याचा झरा बाहेरच्या आधारांत असतो, तो आधार सुटतांना घाबरतो. टिळकांचा झरा अन्यत्र होता.

हा झरा आपणांस कसा लाभेल? पहिली गोष्ट, देवाशीं समेट. ख्रिस्ताच्या द्वारें क्षमा मिळाली आहे, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचें मन आंतून भीतच राहतें (रोम. ५:१). दुसरी गोष्ट, प्रार्थना. कर्ज, दुखणें, मुलीचें लग्न, यांतील प्रत्येकाचें नांव घेऊन तें देवापुढें ठेवावें, आणि जें मिळालें आहे त्याबद्दल उपकार मानावे. तिसरी गोष्ट, शेजाऱ्याशीं समेट. बांधाचें वैर मनांत ठेवून अंतःकरणाची शांति मागणें म्हणजे झऱ्याच्या तोंडावर धोंडा ठेवून पाणी मागणें होय.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंति आहे. शांति देतांना सुखाचें आश्वासन देऊं नका. जें प्रभूनें दिलें नाहीं तें त्याच्या नांवानें देण्याचा आपणांस अधिकार नाहीं. दुःखितापाशीं बसा, त्याची घागर रिकामी आहे हें मान्य करा, आणि मग त्यास झऱ्यापाशीं न्या.

विचार करण्याकरितां प्रश्न :
१. गेल्या वर्षीं आपलें मन कशामुळें स्वस्थ होतें? तें गेलें तर काय उरेल?
२. मार्क ४:३८ येथील शिष्यांची हांक आपण केव्हां मारिली आहे?
३. या आठवड्यांत आपण कोणाशीं समेट केला पाहिजे?