दोन हातांचे बळ

मनुष्याचे हृदय अहोरात्र चालू असते. मिनिटास सुमारे ७० ठोके या हिशेबाने ते दिवसातून १ लाख वेळा आकुंचन पावते व शरीराच्या सर्व भागांस रक्त पोहोचविते. रक्ताबरोबर जाणाऱ्या प्राणवायूवरच सर्व अवयव जगतात. त्यांत मेंदू हा सर्वांत नाजूक. हृदय एकाएकी बंद पडले, तर मनुष्य काही क्षणांतच बेशुद्ध होऊन कोसळतो. आणि चार-पाच मिनिटे रक्त मिळाले नाही, तर मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या अल्प अवधीत त्याच्या मदतीस कोण धावणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अनेक वैद्यांनी व अभियंत्यांनी आपले आयुष्य वेचले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या संकटावर मुख्यतः एकच उपाय योजीत असत. शल्यवैद्याने रोग्याची छाती चिरावी, आत हात घालावा आणि हृदय मुठीत धरून दाबावे. १९०१ साली नॉर्वेमध्ये या रीतीने एका रोग्याचे प्राण वाचले होते. परंतु हा उपाय शस्त्रक्रियागृहातच शक्य होता. रस्त्यात किंवा घरात कोसळलेल्या मनुष्यास त्याचा काय उपयोग?

छाती न चिरता ती बाहेरून दाबावी, ही कल्पनाही पूर्वी सुचली नव्हती असे नाही. जर्मनीतील गटिंगेन येथील फ्रीडरिख मास या डॉक्टरांनी तसे करून पाहिले होते व १८९२ साली आपला अनुभव प्रसिद्धही केला होता. परंतु त्याचा पाठपुरावा झाला नाही आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ ती गोष्ट विस्मृतीत पडून राहिली.

तिचा पुन्हा शोध लागला तो अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हन हे विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का लागून मरत. त्यांचे हृदय तालबद्ध आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राही. योग्य प्रमाणात दिलेला विजेचा दुसरा धक्का ही थरथर थांबवू शकतो, असे प्रयोगांती आढळले होते. असा धक्का छाती न उघडता देता यावा, म्हणून कौवेनहोव्हन यंत्र तयार करीत होते. १९५४ साली निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही.

१९५८ साली त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर या यंत्राचे प्रयोग करीत होता. यंत्राची धातूची जड अग्रे कुत्र्याच्या छातीवर दाबून धरताच, विजेचा प्रवाह सोडण्यापूर्वीच, त्याच्या रक्ताचा दाब किंचित वाढलेला दिसला. दुसऱ्या एखाद्याने ही क्षुल्लक बाब म्हणून सोडून दिली असती. निकरबॉकरने तसे केले नाही. केवळ छाती दाबल्याने रक्त पुढे ढकलले जात असेल काय, असा विचार त्याच्या मनात आला. जेम्स ज्यूड या तरुण शल्यवैद्याने त्याचे महत्त्व ओळखले. छाती कोठे दाबावी, किती जोराने दाबावी, मिनिटातून किती वेळा दाबावी, हे तिघांनी पुनःपुन्हा प्रयोग करून ठरविले. १९५९ साली भूल दिल्यामुळे हृदय बंद पडलेल्या एका स्त्रीवर ज्यूड यांनी हा उपाय केला. तिची नाडी परत आली व ती पूर्ण बरी झाली. पुढील वर्षी त्यांनी २० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ जण वाचले होते.

त्याच शहरात पीटर साफर हे डॉक्टर निराळ्या प्रश्नाचा अभ्यास करीत होते. बुडालेल्या मनुष्याचे हात वर उचलून व पाठ दाबून त्याला श्वास देण्याची पद्धत त्या काळी शिकवीत असत. ती खरोखर उपयोगी आहे काय? साफर यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींना औषध देऊन त्यांचा श्वास तात्पुरता थांबविला व दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. जुनी पद्धत तोकडी ठरली. बेशुद्ध मनुष्याचे डोके मागे कलते करून हनुवटी वर उचलली व तोंडाने तोंडात हवा फुंकली, म्हणजे पुरेशी हवा आत जाते, असे सिद्ध झाले. १९६० साली छाती दाबणे व श्वास देणे या दोन क्रियांची सांगड घातली गेली.

परंतु हृदय पुन्हा चालू झाले म्हणजे मनुष्य परत आला, असे नव्हे. १९६६ साली साफर यांची लहान मुलगी दम्याच्या तीव्र झटक्यानंतर बेशुद्धीतच मरण पावली. या दुःखानंतर मेंदू कसा वाचवावा, हाच त्यांच्या संशोधनाचा ध्यास झाला. शरीर थंड ठेवल्यास मेंदूची हानी कमी होईल, असा एक विचार होता. २००२ साली युरोप व ऑस्ट्रेलिया येथील दोन चाचण्यांत तसे दिसून आले आणि ही चिकित्सा जगभर पसरली. पण संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. २०२१ साली सुमारे १,९०० रोग्यांची फार मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. काही रोग्यांचे शरीर ३३ अंशांपर्यंत थंड केले होते. इतरांना केवळ ताप चढू दिला नव्हता. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील सुमारे निम्मे रोगी दगावले होते. थंड करण्याचा अधिक लाभ आढळला नाही. मग डॉक्टरांनी आवडत्या उपायाचा आग्रह सोडला व ताप येऊ न देण्यावर भर दिला. छाती दाबण्याची गतीही अशीच बदलली. १९६० साली ती मिनिटास ६० होती. आता ती १०० ते १२० सांगितली जाते.

रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले बहुतेक रोगी आजही वाचत नाहीत, कारण मदत उशिरा पोहोचते. एखादा मनुष्य कोसळला, हाकेला ओ देत नाही व नीट श्वासही घेत नाही, असे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून छातीचा मध्यभाग सुमारे ५ सेंटिमीटर खोल, जलद व एकसारखा दाबत राहावे. श्वास देण्याचे शिक्षण नसले, तरी केवळ छाती दाबल्यानेही मेंदूला थोडे रक्त मिळत राहते. ही क्रिया जाणकारांकडून आधी शिकून घ्यावी, हे उत्तम.

एका तरुणाने लहानशा फरकाकडे लक्ष दिले, त्याच्या सहकाऱ्यांनी तो पारखून घेतला आणि पुढच्यांनी स्वतःचेच निष्कर्ष पुन्हा तपासण्याचे धैर्य दाखविले. त्यामुळे एकेकाळी निष्णात शल्यवैद्याच्या हाती असलेले सामर्थ्य आज सामान्य मनुष्याच्या दोन हातांत आले आहे.

अभ्यास

१. मास यांच्या अनुभवाचा उपयोग पुढे का झाला नाही?
२. निकरबॉकरला कोणती गोष्ट दिसली? तिचे महत्त्व काय?
३. २०२१ सालच्या चाचणीनंतर डॉक्टरांनी कोणता बदल केला? त्यावरून संशोधकाचा कोणता गुण दिसतो?