हातातला जीपीएस आणि लपवलेला डबा : जिओकॅशिंगची पहिली पावलं



सहावीच्या वर्गात "अक्षांश म्हणजे काय?" असं विचारलं की मुलं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. पण "आपल्या शाळेचा ध्वजस्तंभ कोणत्या अक्षांशावर आहे?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. अक्षांश-रेखांश या नकाशावरच्या आणि पृथ्वीगोलावरच्या रेषा, त्यांचा आपल्या मैदानाशी काही संबंध नाही, असंच मुलांच्या मनात बसलेलं असतं. हा संबंध पायांनी चालून समजावा यासाठी एक छान खेळ आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. आजच्या लेखात आपण हा खेळ आणि तो खेळायला लागणारा हातातला जीपीएस वापरायला कसं शिकायचं, ते पाहू.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

'जिओ' म्हणजे पृथ्वी. 'कॅश' म्हणजे इथे रोख पैसे नव्हेत, तर लपवून ठेवलेला साठा. एक जण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी जाहीर करतो. दुसरा ते आकडे यंत्रात घालून तिथे जातो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसाच परत ठेवतो. डब्यात छोट्या वस्तू असतील तर एखादी घेता येते, पण तिच्या बदल्यात तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची.

खेळ सुरू कसा झाला?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे यंत्र १०० मीटरपर्यंत चुकू शकत होतं. ही मिसळ बंद करण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी जाहीर केला आणि लगेच तो अमलात आला. यंत्रांची अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी वाढली.

ती खरोखर किती वाढली हे तपासण्यासाठी ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक भागात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या बियांचा एक बंद डबा अशा वस्तू होत्या. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवरच्या जीपीएसप्रेमींच्या गटात दिले आणि तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधली. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस सुचवलं गेलं.

आजच्या नियमांनुसार त्या पहिल्या बादलीतल्या दोन गोष्टी चालल्या नसत्या. डबा लपवण्यासाठी जमीन खणायची नाही आणि डब्यात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासाने प्राणी येतात.

यंत्राला जागा कशी कळते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन प्रदक्षिणा घालतात. प्रत्येकात अतिशय अचूक अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत." हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. यायला किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचं अंतर काढतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. पण हातातल्या यंत्राचं घड्याळ साधं असतं आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात ३०० मीटरची चूक करते. ती दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. म्हणून किमान चार.

मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. यंत्र उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतं. त्यामुळे जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, नेटही लागत नाही. मोबाईलमधला जीपीएसही नेटशिवाय जागा दाखवतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. शाळेत वेगळं यंत्र नसेल तर पुढचे सगळे सराव मोबाईलवरही होतात.

पायरी १ : मोकळं आकाश

यंत्र वर्गात सुरू करून "लागत नाही" म्हणू नका. मैदानाच्या मध्यभागी या. नवीन किंवा बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात, तोवर एका जागी थांबा. उपग्रहांच्या पानावर किती उपग्रह मिळाले ते दिसतं आणि सोबत अचूकतेचा आकडा येतो, उदाहरणार्थ ३ मीटर किंवा ५ मीटर. हा आकडा वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जादा सेल जवळ ठेवा.

पायरी २ : आकडे लिहायची पद्धत

नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एकच अक्षांश तीन प्रकारे लिहिता येतो :

- अंश, मिनिटं, सेकंद : १८° ३१′ ३०″
- अंश आणि दशांश मिनिटं : १८° ३१.५००′
- दशांश अंश : १८.५२५००°

तिन्ही आकडे एकाच ठिकाणाचे आहेत. जिओकॅशिंगमध्ये दुसरी पद्धत वापरतात. आता ३१.५०० मिनिटं म्हणजे "३१ मिनिटं ५० सेकंद" असं कोणी वाचलं तर २० सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे जमिनीवर ६०० मीटरहून जास्त. आणि १८.३१५ अंश असं टाकलं तर माणूस जवळपास २३ किलोमीटर दूर जाईल! म्हणून सेटिंगमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' अंश-दशांश मिनिटं असा ठेवा आणि 'मॅप डेटम' हा डब्ल्यूजीएस ८४ आहे ना, ते बघा. अक्षांशासमोर इंग्रजी 'एन' म्हणजे उत्तर आणि रेखांशासमोर 'ई' म्हणजे पूर्व, हेही तपासा.

पायरी ३ : निघण्याआधी परतीची जागा नोंदवा

मेनूत 'मार्क वेपॉइंट' असतं. तुम्ही उभे आहात ती जागा त्याने साठवली जाते. शाळेचं फाटक, गाडी लावलेली जागा, डोंगराच्या पायथ्याचं देऊळ, जिथून निघाल ती खूण आधी नोंदवा आणि नाव द्या. डबा सापडला नाही तरी चालेल, परतीची वाट सापडली पाहिजे.

पायरी ४ : आकडे घाला आणि चाला

डब्याचे आकडे नवीन वेपॉइंट म्हणून घाला. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने घालायचे, तिसऱ्याने ताडून पाहायचे. मग 'गो' निवडा. होकायंत्राच्या पानावर बाण आणि अंतर दिसेल. साध्या यंत्रांत स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं. तुम्ही चालता तेव्हाच त्यांना दिशा कळते. उभं राहिलात की बाण भलतीकडे फिरतो. यंत्र बिघडलेलं नसतं. दहा-पंधरा पावलं सरळ चाला, बाण जागेवर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाण सरळ रेषा दाखवतो, वाट दाखवत नाही. मधली विहीर, ओढा, काटेरी कुंपण, कोणाचं उभं पीक यातलं काहीच त्याला माहीत नसतं. सह्याद्रीत कड्याच्या टोकावर उभं राहिलं तर समोरचं ठिकाण ३०० मीटर दिसेल आणि मध्ये अख्खी दरी असेल. म्हणून चालताना डोळे वाटेवर हवेत. पडदा पाहायचा असेल तर थांबून पाहायचा. ही शिस्त मुलांना खेळाआधी लावायची. अंतर वाढलं तरी वळसा घालून पायवाटेनेच जायचं.

पायरी ५ : शेवटचे दहा मीटर

अंतर १० मीटरवर आलं की मुलं यंत्राकडे टक लावून गोल गोल फिरू लागतात. आकडा ४ होतो, मग ७, मग २. याचं कारण समजून घेऊ. तुमचं यंत्र ५ मीटर चुकू शकतं. ज्याने डबा लपवला त्याचंही यंत्र ५ मीटर चुकलेलं असू शकतं. दोन्ही चुका विरुद्ध बाजूंना असतील तर डबा १० मीटर दूर असेल. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर होतं, म्हणजे २० बाय ३० फुटांच्या साडेपाच वर्गखोल्या! दाट झाडी, उंच भिंती किंवा कडे असतील तर संदेश आपटून, वळून येतो आणि चूक आणखी वाढते.

म्हणून इथे यंत्र खिशात ठेवायचं. चार पावलं मागे येऊन परिसर बघायचा. "मला डबा लपवायचा असता तर मी कुठे ठेवला असता?" हा प्रश्न स्वतःला विचारायचा. झाडाची ढोली, दगडांची नीट रचलेली रास, वाळलेल्या पानांचा नको इतका व्यवस्थित ढीग अशा जागा नजरेने टिपायच्या. बिळात किंवा दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपायचं, साप-विंचवाचा भरवसा नाही. तरीही नाही सापडलं तर ३० मीटर लांब जाऊन तीन वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा या. तिन्ही वेळा बाण दाखवेल त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे शोधा.

मैदानावरचे दोन उपक्रम

*उपक्रम पहिला : अक्षांश चालून पाहा.* एका जागी उभं राहून अक्षांश वहीत लिहा. आता सरळ उत्तरेकडे चाला आणि मिनिटाच्या आकड्यात ०.०१० ची भर पडली की थांबा. अंतर टेपने मोजा. ते साधारण साडेअठरा मीटर येईल, एक-दोन मीटर इकडेतिकडे. कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. रेखांशाचं एक मिनिट मात्र पुण्याच्या आसपास सुमारे १,७६० मीटरच भरतं, कारण रेखावृत्तं ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. हा फरक मैदानावर मोजायला जाऊ नका. ०.०१० मिनिटाला तो एक मीटरसुद्धा होत नाही आणि यंत्राच्या चुकीत लपून जातो. तो फळ्यावर गणिताने दाखवा.

*उपक्रम दुसरा : ध्वजस्तंभाची सरासरी.* ध्वजस्तंभाजवळ एकाच जागी सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना आकडे लिहा. समजा अक्षांशाची मिनिटं ३१.५०२, ३१.५०५ आणि ३१.४९९ अशी आली. स्तंभ तर हलला नाही! मग आकडे का बदलले? चर्चा होऊ द्या. नंतर सरासरी काढा : ३१.५०२. डबा लपवणाराही असाच अनेक वेळा आकडे घेऊन सरासरी काढतो, म्हणजे शोधणाऱ्याची पायपीट कमी होते. सरासरी कशासाठी काढायची, हे मुलांना इथे पुस्तकाशिवाय कळतं.

यानंतर पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाला मैदानावर एक डबा लपवायला द्या आणि आकडे दुसऱ्या गटाला द्या. आकडे चुकीचे लिहिले तर मित्र भलतीकडे शोधत राहतो, म्हणून मुलं दशांशचिन्ह आपोआप काळजीने लिहू लागतात.

डबा कुठे लपवायचा नाही?

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजार, देऊळ-मशीद, सरकारी कार्यालयं अशा ठिकाणी डबा कधीही ठेवायचा नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी सूचना आपण रोज ऐकतो. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा लोकांना संशयास्पद वाटला आणि बॉम्बनाशक पथकाने तो स्फोट करून नष्ट केला. गडकिल्ल्यांच्या तटबंदीतले दगड हलवायचे नाहीत. जागा ज्याची असेल त्याची परवानगी घ्यायची, डबा पारदर्शक ठेवायचा आणि त्यावर शाळेचं नाव व खेळाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं. शाळेपुरता खेळ असेल तर त्याच दिवशी सगळे डबे मोजून परत घ्यायचे.

समारोप

मित्रांनो, यंत्र आपल्याला जागेच्या जवळ नेतं, पण डबा शोधायचा आपल्यालाच असतो. हातातल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबून स्वतःचे डोळे वापरायचे, हे मुलाला दहाव्या वर्षी कळलं तर पुढे मोबाईलचा नकाशा त्याला शेताच्या बांधावर किंवा बंद रस्त्यावर नेऊ लागला, तरी तो डोळे झाकून मागे जाणार नाही.

स्वाध्याय

१. जागा ठरवायला किमान चार उपग्रह का लागतात?
२. १८° ४५.२५०′ हा अक्षांश अंश-मिनिटं-सेकंदांत लिहा.
३. यंत्राची अचूकता ५ मीटर असेल तर शोधवर्तुळाचं क्षेत्रफळ किती? ती १० मीटर झाली तर क्षेत्रफळ किती पट होईल?
४. आपल्या गावात डबा लपवायला सुरक्षित अशा तीन जागा आणि अयोग्य अशा तीन जागा कारणांसह लिहा.

उपक्रम आपल्या शाळेत जरूर करून पाहा.