तिथी पाहून समुद्रावर

अलिबागला सहकुटुंब पहिल्यांदा गेलो ते शनिवार पाहून. साडेचारला किनाऱ्यावर पोचलो तर कुलाबा किल्ल्याला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा होता आणि पुळणीवर लाटा बऱ्याच वर आल्या होत्या. किल्ल्यापर्यंत चालत जायचं म्हणून मुलं आठवडाभर बोलत होती, ती हिरमुसली. घरी परतल्यावर आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "अरे, अष्टमी होती. अष्टमीला संध्याकाळी भरतीच असणार." तिचं माहेर खाडीकाठचं. मला डोंगरवाटा पाठ होत्या, समुद्राच्या वेळा तिला. त्यानंतर आम्ही समुद्रावर जायचा दिवस तिला विचारून ठरवतो आणि एकदाही हुकलेलो नाही.

हिशेब सोपा आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला: तिथीची पाऊणपट करायची. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं, आणि पौर्णिमा-अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी तीन-सव्वातीनला पाणी सगळ्यात खाली. पुढे रोज पाऊण तासाने सगळं पुढे सरकतं. त्रयोदशीला ओहोटी चारला, चतुर्दशीला पावणेपाचला, पौर्णिमेला साडेपाच-सहाच्या दरम्यान. अष्टमीचं गणित केलंत तर भरती बरोबर सहाला येते, आमच्या त्या फसलेल्या शनिवारी आली होती तशी.

हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. दिवस ठरवायला तो पुरेसा आहे. किल्ल्यावर जायचं असेल तर मात्र नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. उंच लाटांचा इशाराही इन्कॉइसच देते.

आता दिवस निवडू. ऑक्टोबर ते मे या काळातला द्वादशी ते चतुर्दशीला येणारा शनिवार किंवा रविवार हा सहलीचा उत्तम दिवस. दुपारी ओहोटीत किल्ला होतो, आणि परत येऊन पुळणीवर बसलं की मावळतीबरोबर पाणी चढताना दिसतं. पौर्णिमेचा दिवस मिळाला तर किल्ला थोडा उशिरा, घाईत होईल, पण सूर्य समुद्रात उतरत असताना पाठीमागे सागरगडाच्या डोंगरावरून चंद्र वर येतो. दोन्ही एकाच वेळी पाहायला मान वळवावी लागते एवढंच. एका पौर्णिमेला असे गेलो तेव्हा माझी धाकटी पाच वर्षांची होती. त्या संध्याकाळी ती गोल गोल फिरत राहिली, कुठलं चुकवायचं ते ठरेना म्हणून.

सप्तमी ते दशमी हे भांगाचे दिवस. तेव्हा भरती फार चढत नाही, तशी ओहोटीही पूर्ण उतरत नाही, त्यामुळे किल्ल्याची वाट कोरडी मिळेलच असं नाही. अशा दिवशी किल्ल्याचा हट्ट धरू नका. सरळ आक्षीला जा. त्याबद्दल पुढे.

मुंबईकरांनी गेटवेवरून लाँचने मांडवा गाठावं, किंवा गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने यावं. पाण्यावरचा प्रवास साधारण तासाभराचा आणि मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. पुण्याहून खोपोली-पेण-वडखळ मार्गे यावं. वडखळच्या पुढे रस्ता शनिवारी तुंबतो, म्हणून जेवण उरकून निघण्यापेक्षा सकाळीच निघा आणि जेवण अलिबागेत घ्या. सूर्यास्ताची वेळही निघतानाच डोक्यात ठेवा: डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास, मे अखेरीस सव्वासातच्या थोडं आधी. म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळ तासाभराने आखूड असते.

कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळेआधी तासभर चालायला लागा. अलिबागची वाळू काळसर, बारीक आणि ओली असताना घट्ट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा ही ओली पट्टी कितीतरी सोपी जाते, आईचा हात धरायचीही गरज पडत नाही. किल्ल्याजवळ खडक लागतात, त्यांच्यावर शेवाळ असतं. तिथे चप्पल काढू नका, कालवांच्या कडा पावलं कापतात. मागे पट्टा असलेली रबरी सँडल सगळ्यात चांगली. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. भाडं आधी ठरवा, आणि परतीला तीच गाडी किती वाजता येणार तेही ठरवा.

शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून त्याच्यावर चालून आले, तरी तो पडला नाही. मुलांना हे तटाखाली उभं करून सांगा. दगडांच्या सांध्यांत चुना नाही हे त्यांना हात लावून बघू द्या; लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा मार कमी होतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणेश पंचायतनाचं देऊळ आहे, समोर पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकात गोडं पाणी, हे आमच्या मुलांना तोफांपेक्षा मोठं वाटलं. तोफाही पाहा, उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन आहेत, यॉर्कशरच्या कारखान्यात ओतलेल्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

आणि आता जी गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो ती. ओहोटी संपली की उठा. पाणी चढतं ते एकसारखं चढत नाही. भरतीच्या सहा तासांचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणून पहिला तास "अजून तर वाळू उघडी आहे" असं वाटत राहतं, आणि मग तासाभरात पाणी मुलाच्या कमरेवर जातं. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या आसपास असतो, त्याचा पाव हिस्सा एका तासात म्हणजे किती ते मोजून बघा. शिवाय पाणी फक्त समोरून येईल असं समजू नका. किल्ला आणि किनारा यांच्यामधला सखल भाग बाजूने भरत येतो, पाठीमागून. एकदा आम्ही देवळात रेंगाळलो आणि परतताना थोरल्याला खांद्यावर घ्यावं लागलं. पाणी माझ्या मांडीपर्यंतच होतं, पण पायाखालची वाळू सरकताना जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यावरच्या लोकांना विचारा. पावसाळ्यात तर हा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहायचा.

परत आलात की हातपाय मोकळे सोडा. हा सहलीचा खरा भाग आहे आणि लोक नेमका इथेच गाडीकडे वळतात. भरतीची ओली रेघ जिथे संपते त्याच्या बरंच वर जाड सतरंजी टाका. फोल्डिंग खुर्चीचे पाय वाळूत रुततात, तिच्याखाली फळीचा तुकडा ठेवला की ज्येष्ठांना बसता-उठता त्रास होत नाही. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, सोललेली संत्री असं हातात धरून खाता येईल ते न्या. वाऱ्याने वाळू उडते, चिवडा आणि भेळ दातांत कचकचतात. कोकम सरबत घरून बाटलीत.

मुलांना ओल्या वाळूवर उकिडवं बसवा आणि पाच मिनिटं हलू नका म्हणावं. बारीक खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतलं खाणं निवडून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून भोवती नक्षी मांडतात. थंडीत कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला उतरतात. त्यांच्यामागे पळू देऊ नका, फार लांबून आलेले असतात ते. काठावर निळसर फुग्यासारखं किंवा जेलीसारखं काही पडलेलं दिसलं तर मेलेलं आहे म्हणून हात लावू नका. डंख झाला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

आक्षीचं राहिलं. अलिबागहून नागावच्या रस्त्याला पाचेक किलोमीटर. सुरूच्या दाट सावलीतून पुळणीवर उतरायचं, गर्दी कमी, भरती असली तरी बसायला जागा आहे. भांगाच्या दिवसांसाठी म्हणून हेच ठिकाण. आणि गावात एक जुना शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला, आणि त्या वाचनाप्रमाणे तो मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक ठरतो. दहा मिनिटं थांबा. अक्षरं झिजली आहेत, लागत नाहीत, पण आपल्या भाषेचा हजार वर्षांपूर्वीचा दगड मुलांनी पाहिलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पोपटीची चौकशी आधी करून ठेवा. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून ते उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर शेतातलीच खा. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. तो कांदा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. एक माळ घ्या आणि घरी हवेशीर टांगा.

निघताना पाय ओले असतील तर वाळू झटकत बसू नका. आधी कोरडे होऊ द्या, वर थोडी टाल्कम पावडर चोळा, वाळू आपोआप गळून पडते. आपला कचरा पिशवीत, आणि आसपासच्या दोन बाटल्याही. मांडव्याहून शेवटची बोट कधी आहे ते उतरतानाच विचारलेलं असू द्या. हंगामाप्रमाणे वेळा बदलतात. आमच्याकडे गाडीत बसल्याबरोबर आई पुढच्या महिन्याची त्रयोदशी कधी येते ते बोटांवर मोजायला लागते.