पुणें नभोवाणी केंद्र व श्रोतृमंडळाचा धडा

नभोवाणीवरून शेतकीची माहिती कानीं पडणें आणि ती शेतांत उपयोगीं पडणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद पुणें केंद्राच्या इतिहासांत स्पष्ट दिसून येतो. म्हणून तो इतिहास वाचकबंधूंपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईचें केंद्र दि. २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. तें एका खाजगी कंपनीचें होतें. १९३० सालीं कंपनीचा कारभार आटोपला व काम सरकारनें हातीं घेतलें. पुढें १९४८ सालीं नागपुरास केंद्र झालें आणि दि. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें केंद्राचा आरंभ झाला.

पुण्याचें मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्झवर होत आलें. म्हणजे त्या लहरीचीं सेकंदास ७,९२,००० आंदोलनें होतात. बोलणाराचा आवाज ह्या लहरीची उंची कमीजास्त करितो, आणि आपल्या घरचें यंत्र त्या चढउतारांतून पुनः आवाज काढितें. आकाशांत वीज चमकली कीं तिच्याहि लहरी त्यांत मिसळतात. वळवाच्या दिवसांत यंत्र खरखरतें तें ह्यामुळेंच. दिवसा ह्या लहरी जमिनीस धरून दूरवर जातात व डोंगराआडच्या गांवासहि पोंचतात. खेड्यांस हीच पद्धति सोयीची पडली.

परंतु आवाज पोंचला म्हणजे ज्ञान पोंचलें असें नाहीं. कानडा देशांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं मंडळें जमवून नभोवाणीवरील विषयाची चर्चा करण्याची पद्धति चालू होती. तिच्या धर्तीवर १९५६ सालीं युनेस्को संस्थेच्या साह्यानें पुणें केंद्रावरून एक प्रयोग झाला. पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवें निवडलीं. गांवोगांव वीसएक शेतकऱ्यांचें मंडळ व त्याचा एक निमंत्रक नेमला. फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळांत आठवड्यांतून दोन वेळ, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळानें ऐकावें, लागलीच चर्चा करावी, शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्या आणि केंद्रानें पुढील कार्यक्रमांत उत्तरें द्यावीं, असा क्रम होता.

ह्या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ ह्यांनीं केली. मंडळांच्या गांवांबरोबरच, जेथें रेडिओ आहे पण मंडळ नाहीं व जेथें रेडिओहि नाहीं, अशीं गांवेंहि तुलनेस घेतलीं. आरंभीं व शेवटीं प्रश्न विचारले, तेव्हां मंडळांच्या गांवांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत ती फारच थोडी होती. ह्यावरून १९५९ सालीं ही योजना देशभर लागू झाली. पुढें खिशांत मावणारे रेडिओ घरोघर आले. ज्याचा तो बांधावर एकटा ऐकूं लागला, आणि मंडळें हळूहळू मोडलीं.

एकट्यानें ऐकण्याचें फळ आम्हीं स्वतः भोगिलें आहे. सेवानिवृत्तीनंतर पहिल्याच वर्षीं कांद्यास वरखत देण्याची माहिती आम्हीं मोटेजवळ बसून ऐकिली. आंकडा हेक्टरी होता. आम्हीं तो एकरी धरिला. सारा जन्म सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिण्यांत गेला असतां ही चूक व्हावी ह्याची आजहि लाज वाटते. एक हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. तेव्हां युरिया अडीच पट पडला. पात गर्द हिरवी झाली, शेजारी वाखाणूं लागले. परंतु कांदा जाड मानेचा निघाला व चाळींत दीड महिन्याचे आंत सडूं लागला. त्या वेळीं शेजारीं दुसरा कोणी बसला असता, तर “हेक्टरी कीं एकरी?” एवढा एक प्रश्न निघाला असता, व माल वांचला असता.

महसुलाच्या नोंदींचें चावडीवाचन करितात त्यांतील हेतु हाच. कारकुनानें एकट्यानें लिहिलेलें दहा जणांसमोर वाचलें म्हणजे चूक कोणाच्या तरी ध्यानांत येते, व त्याच जागीं हरकत निघते.

ह्यास्तव आमची सूचना अशी: प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आठवड्यांतून एक सायंकाळ नेमावी. माहिती नभोवाणीची असो वा हल्लींच्या फोनवरची असो, ती एकत्र ऐकावी. एकानें पिकाचें नांव, खताचें किंवा औषधाचें प्रमाण, आणि तें हेक्टरी कीं एकरी, हें वहींत लिहून मोठ्यानें वाचून दाखवावें. शंका राहिल्यास कृषि सहायकास विचारून पुढील बैठकींत उत्तर सांगावें, व तोंपर्यंत खताची गोणी उघडूं नये. ह्यास वहीपलीकडे खर्च नाहीं. आमच्या गांवीं आम्हीं सात जणांनीं ही बैठक सुरू केली आहे. पहिल्या पानावर आम्हीं आमचीच चूक लिहून ठेविली आहे.